रावजीकाकांची थर्ड पार्टी

रावजीकाकांच्या गाडीला ओरखडा नाही. हे वाक्य मी दर वर्षी एकदा मोठ्याने म्हणते, तेही महाडच्या एस.टी. स्टँडमागे, भर उन्हात, गाडीभोवती पूर्ण फेरी मारून आणि पत्र्यावरून हात फिरवून. ते म्हटल्याशिवाय काका विम्याचे पैसे खिशातून काढत नाहीत.

मी गाड्यांचा विमा उतरवते. माझ्या ऑफिसच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, सावित्री नदीच्या पुराच्या पाण्याची रेघ आहे. रंगकाम केलं तेव्हा ती मी मुद्दाम तशीच ठेवली. ती बघितली की महाडचा माणूस स्वतःहून म्हणतो, "मॅडम, फुल इन्शुरन्स द्या, इंजिनात पाणी गेलं तर त्याचंही टाका." मला तोंड उघडावं लागत नाही. रावजीकाका मात्र त्या रेघेकडे बघून हसतात. त्यांचं गाव करंजाचा कोंड, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात.

"आमच्याकडं सावित्री यायची तर तिला पोलादपुरातनं जीप करावी लागल," म्हणतात. "मला थर्ड पार्टी दे."

आता हा थर्ड पार्टीचा घोळ आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. कायद्याने प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. तुमच्या गाडीने दुसऱ्याला काही झालं, तर त्या दुसऱ्याला भरपाई मिळते. तुमच्या स्वतःच्या गाडीचा पत्रा चेपला, तर या विम्यातून एक छदाम नाही. त्यासाठी फुल घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. इतकं सोपं आहे. हे मी काकांना दर वर्षी समजावते आणि दर वर्षी काका मान हलवून म्हणतात, "तेच बोलतोय मी. थर्ड पार्टी म्हंजे दुसऱ्याचा विमा. आपला भरवसा हाय, दुसऱ्याचा नाय. दुसरा येऊन ठोकल, तवा मला पैसे."

"उलटं आहे काका. तुम्ही दुसऱ्याला ठोकलं तर दुसऱ्याला पैसे."

"मी? दुसऱ्याला?" यावर त्यांना इतकं हसू येतं की डोळे पुसावे लागतात, आणि माझं समजावणं तिथेच वाहून जातं.

हसण्याचं कारण खरं आहे, हे मला मान्य करावं लागतं. या माणसाने तीस वर्षं मुंबई-गोवा मार्गावर ट्रक चालवला. बोगदा झाला नव्हता तेव्हाचा कशेडी घाट, पावसातला, दरडींचा. एवढ्या काळात ट्रकला कशाचा स्पर्श झाला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी वॅगन-आर घेतली आणि आता ती अशी चालवतात की कोंडावरून पोलादपूरच्या बाजाराला चालत निघालेली माणसं वाटेत त्यांना हात करून पुढे जातात. कोंबडी आडवी आली तर गाडी थांबते. कोंबडी गेली तरी थांबलेली राहते, कारण काकांच्या मते कोंबडीचा विचार बदलू शकतो. वळणावर हॉर्न, सरळ रस्त्यावर हॉर्न, आणि एका मोठ्या धोंड्याला तर रोज हॉर्न, कारण तो एका पावसाळ्यात खाली आला होता आणि "पुन्ना येनार नाय कशावरनं?"

आणि तो दगड. ट्रकच्या चाकाखाली लावायचा काळा, तीनकोनी दगड काकांनी निवृत्त होताना सोबत आणला. मालकाने घड्याळ दिलं, ते कुठेतरी पडलं असेल. दगड गाडीच्या डिकीत असतो. गाडी थांबली की काका उतरतात, दगड काढतात आणि मागच्या चाकाला लावतात. चढ असो, उतार असो की माझ्या ऑफिससमोरचं सपाट डांबर असो. पेट्रोल पंपावरसुद्धा लावतात. मागचे लोक शिव्या घालतात, काका दगड लावतात.

तर या माणसाचा मला चैत्रात फोन आला. आवाज भलताच उत्साही.

"समीक्षाबाय, आली गो थर्ड पार्टी! गाडीवर पडली. पुढची काच गेली, टप चेपला. आता पैसे दे."

मी घाबरले. "कोण पडलं काका? माणसाला लागलं का?"

"मानूस नाय. भैरी."

"भैरी कोण? पूर्ण नाव सांगा. त्याच्या गाडीचा नंबर घेतलात का?"

 मग काका लहान मुलीला सांगावं तसं म्हणाले, "गो, भैरी. आमचा देव."

कोंडाच्या यात्रेत भैरीची काठी नाचवतात. घराच्या दुप्पट उंचीचा कळकाचा बांबू, त्याला रेशमी कापड गुंडाळलेलं, शेंड्याला पितळी कळस. एक माणूस ती कमरेच्या झोळीत धरून वाजंत्र्यावर नाचतो. तर नाचता नाचता काठी कलली, आणि फणसाखाली उभ्या असलेल्या वॅगन-आरवर आडवी झाली. काच फुटली, टपाला खोल पोचा आला, आणि काठीही मधोमध मोडली. देवाची काठी मोडणं म्हणजे अपशकुनाची गोष्ट, त्यामुळे यात्रेचं जेवणसुद्धा लोकांच्या घशाखाली नीट उतरलं नाही. वडे उरले, असं काकांनी मला विशेष करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर घेऊन कोंडावर गेले. जायला नको होतं, फोनवरच "काही मिळणार नाही" सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण काका दर वर्षी वालाच्या शेंगा आणतात.

देवळापुढे सगळी वाडी जमलेली. मधोमध मोडकी काठी पांढऱ्या कापडात झाकून ठेवली होती. फणसाखाली गाडी होती, चाकाला दगड. आणि दगडाजवळ कोंडाचे प्रमुख, गावकर कोंडाजीकाका बसलेले, उजव्या पायाचा अंगठा हळद लावून एवढा मोठा बांधलेला.

"काठी पायावर पडली का?" मी विचारलं.

"काठी कसली! यात्रेच्या दुपारीच ह्या रावजीच्या दगडाला ठेचकाळलो," ते कण्हले. "सपाट जाग्यात दगड लावतो, येडा. त्यात देव तरी काय करील?"

काका मात्र मला हाताला धरून गाडीकडे घेऊन गेले. "आधी बघून घे. पोचा हाय, ओरखडा नाय. पोचा वरनं येतो, देवाकडनं. ओरखडा बाजूनं येतो, ड्रायवरकडनं. लिहून घे."

मी सगळ्यांना एकदाच सांगून टाकलं. काकांचा विमा थर्ड पार्टी आहे, त्यात त्यांच्या काचेचे पैसे मिळत नाहीत. दुसऱ्या गाडीने धडक दिली असती तर त्या गाडीच्या विम्यातून मिळाले असते. पण काठीला इंजिन नाही, नंबर नाही, विमा नाही. तेव्हा काही होणार नाही.

काकांचा चेहरा पडला. एवढी वर्षं मी काय बोलत होते ते त्यांना त्या क्षणी समजलं असावं. पण कोंडाजीकाकांचे डोळे चमकले. हा माणूस गावकर उगीच झालेला नाही.

"म्हंजे बाय, काठीनं गाडीला ठोकलं तर काय नाय. आनि समज, गाडीनं काठीला ठोकलं आसंल तर?"

"तर... काठी ज्याची आहे त्याला भरपाई मागता येते."

"किती?"

"दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान असेल तर साडेसात लाखांपर्यंत. पण हे बघा..."

पण बघायला कोणी शिल्लकच नव्हतं. साडेसात लाख हा आकडा देवळाच्या पायरीवरून खालच्या वाडीपर्यंत जाऊन परत आला. नवी काठी! चांदीचा कळस! देवळाला फरशी! एकाने तर वाजंत्र्यांना नवे कपडेही घेऊन टाकले. सगळे वळून काकांकडे बघू लागले.

"रावजी," कोंडाजीकाका गोड आवाजात म्हणाले, "तू येवढंच बोल, गाडी सरकली नि काठीला लागली."

"उभी गाडी?" काका किंचाळले. "चाकाला दगड हाय! तुझा अंगठा बघ!"

"देवासाठी बोल रे."

"तीस वर्सं! कशेडीत! येक ओरखडा दाखव!"

मी मध्ये पडले. खोटा दावा मी करणार नाही, हे तर सांगितलंच. पण नुसत्या तत्त्वाने जमाव ऐकत नाही, म्हणून कटकट किती आहे तेही सांगितलं. आधी रावजीकाकांवर पोलिसांत तक्रार करावी लागेल. मग कोर्टात दावा. वर्षं जातील. आणि दावा देवाच्या नावाने लावावा लागेल, पण देव स्वतः येऊन सही करू शकत नाही, म्हणून त्याला पालक दाखवावा लागेल.

"पालक कशाला?" मागून कोणीतरी विचारलं.

"कायद्यात देव अज्ञान समजतात. म्हणजे लहान मूल. कायमचं."

मी हे बोलायला नको होतं. गाभाऱ्यात भैरी उभा होता, मिशा कानापर्यंत, हातात तलवार, पायाखाली राक्षस. सगळी वाडी एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"आमचा भैरी अज्ञान?" कोंडाजीकाका अंगठा विसरून उभे राहिले. "वाघावर बसून गस्त घालतो तो! आनि त्याचा पालक कोन, तू?"

साडेसात लाख त्याच क्षणी बुडाले. आम्हाला नको असले पैसे, ज्यात आमच्या देवाला लंगोटात बसवतात, असं एकमताने ठरलं. मला चहाला पाठवण्यात आलं, म्हणजे खरं तर हाकलण्यात आलं.

चहा काकांच्या घरी, चंद्रभागाकाकूंच्या हातचा. काकू कमी बोलतात, पण त्या दिवशी चुलीपुढे बसून त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. काठी नाचवायचा मान काकांच्या घराचा. काकांचे धाकटे भाऊ नाचवायचे. ते गेल्यापासून त्यांचा मुलगा मंगेश खास मुंबईहून येऊन नाचवतो. मंगेश तिकडे एका मॉलमध्ये सिक्युरिटीचा सुपरवायझर आहे. वर्षभर वॉकीटॉकी धरतो आणि एक दिवस काठी.

"आनि परवा दोन्ही धरायला गेला," काकू म्हणाल्या. "येका हातात काठी, येका हातात फोन. सोताचाच व्हिडो काढत व्हता. ह्यांनी गाडीपाशी उभं ऱ्हाऊन बघितलं. काठी कलली तवा त्याचा डोळा फोनात. पन हे बोलत नायत गो. बोलले तर मान गेला. खालची वाडी टपूनच हाय."

"मग आता?"

"आता कौल लावनार. देवालाच विचारनार, चूक कोनाची."

आम्ही परत देवळात गेलो तेव्हा गुरव भैरीच्या छातीवर पाण्याने फुलं चिकटवत होता. उजवीकडचं फूल पडलं तर 'होय', डावीकडचं पडलं तर 'नाही'. कोंडाजीकाका देवाला गाऱ्हाणं घालत होते. काठी मोडली, ती धरणाऱ्याच्या चुकीने मोडली का, एवढंच सांग. तसं असेल तर मान दुसऱ्या घराला देऊ. खालच्या वाडीचे लोक पुढे सरकून बसले होते. मंगेश खांबाला टेकून उभा होता, आणि मॉलमध्ये चोर पकडणाऱ्या त्या माणसाचा चेहरा असा झाला होता की मीसुद्धा त्याला पकडलं असतं. त्याची नजर उजव्या फुलावर. ते फूल, देवाशपथ, हलत होतं.

मला त्याचा राग आला होता. पण त्या क्षणी त्याची इतकी कीव आली की मीच वर फिरणारा पंखा बंद करायला बटण शोधू लागले.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले.

ते उठून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेले. हात जोडले. माझ्याकडे बघितलं नाही, मंगेशकडे तर नाहीच.

"कौल नको. चूक माझी हाय. मी दगड लावायला इसरलो. गाडी सरकली, पोराच्या पायाला लागली, म्हनून काठी गेली."

 सगळ्यांना ठाऊक होतं. अख्ख्या कोंडाला, खालच्या वाडीला, बहुधा कशेडी घाटातल्या प्रत्येक धाब्याला ठाऊक होतं की हा माणूस एक वेळ जेवायला विसरेल, पण दगड लावायला नाही. मंगेशने तोंड उघडलं, आणि काकांनी त्याच्याकडे न बघताच हाताने "गप" केलं. तीस वर्षं जपलेली एकच गोष्ट त्यांच्याकडे होती, ती त्यांनी उंबऱ्यावर ठेवून दिली. मला भर देवळात रडू आलं, आणि मी विमा एजंट आहे, मला फारसं रडू येत नाही.

खालच्या वाडीतला एक जण म्हणालाच, "पन यात्रेच्या दिवशी दगड व्हता. कोंडाजीच्या पायाला..."

सगळ्यांच्या नजरा कोंडाजीकाकांच्या अंगठ्यावर गेल्या. एवढा मोठा, पिवळा, बांधलेला अंगठा. लपायला जागाच नाही. कोंडाजीकाकांनी काकांकडे बघितलं. मग मंगेशकडे. मग सावकाश, अगदी सावकाश, तो पाय दुसऱ्या मांडीखाली घेतला. दुखलं असणार, कारण डोळ्यांत पाणी आलं.

"दगड नव्हता," ते म्हणाले. "मी चुलीच्या लाकडाला ठेचकाळलो."

तेवढ्यात उजवं फूल पडलं. पण तेव्हा देवाला कोणी काही विचारत नव्हतं, त्यामुळे गुरवाने ते उचलून मुकाट्याने ताटात ठेवलं.

संध्याकाळी काका मला पोलादपूरपर्यंत सोडायला निघाले. माझी स्कूटर पंक्चर झाली होती. फुटक्या काचेतून वारा तोंडावर येत होता, पण काकांच्या वेगाला तो वारा म्हणावा इतका नव्हता.  त्या मोठ्या धोंड्याला हॉर्न वाजवून झाला. मग मागच्या सीटवरून चंद्रभागाकाकू म्हणाल्या, "अवो, देवाच्या पुढ्यात खोटं बोललात."

काकांनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, का दिला कोण जाणे, वळण नव्हतं.

"देव अज्ञान हाय," ते म्हणाले. "समीक्षाबायच बोलली. पोरगं ते. त्याला काय कळतंय?"

काकू पदरात तोंड घालून पोलादपूर येईपर्यंत हसत होत्या.

काचेची सोय मंगेशने केली. मुंबईहून नवी काच घेऊन रेल्वेने वीर स्टेशनला उतरला आणि तिथून रिक्षात काच मांडीवर धरून महाडला आला. रिक्षावाल्याने काचेचं वेगळं भाडं घेतलं म्हणतात. नवी काठीही त्याच्याच पैशाने आली, आणि पुढच्या यात्रेत नाचायच्या आधी त्याने फोन बंद करून काकूंच्या हातात दिला. त्याने काकांना काही म्हटलं का, मला ठाऊक नाही. काकांना विचारलं तर ते हवामानावर बोलतात.

पण त्या यात्रेच्या आधीच विम्याची तारीख आली. वॅगन-आर माझ्या ऑफिससमोर येऊन थांबली, काका उतरले, डिकीतून दगड काढून चाकाला लावला आणि आत आले. मागे कोंडाजीकाका, त्यांना बाजारात काम होतं. मी सवयीने उठले, फेरी मारायला. काकांनी हाताने थांबवलं.

"ऱ्हाऊ दे गो. यंदा फुल दे."

"फुल? महाग पडेल काका. आणि पहिलंच वर्ष, क्लेम न केल्याची सूटसुद्धा नाही. ती पुढच्या वर्षापासून."

"आसू दे." त्यांनी कोंडाजीकाकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "आपला आता भरवसा नाय. दगड इसरतो मी."

 पण थर्ड पार्टीवरून फुलवर जायचं तर कंपनीला गाडीची पाहणी लागते, चारी बाजूंचे फोटो लागतात. नियम आहे. तेव्हा मी फोन घेऊन बाहेर उन्हात गेले. टपावर पोचा होता, तो लिहिला. तो जुना, त्याचे पैसे कंपनी देणार नाही. मग सावकाश गाडीभोवती फिरले, पत्र्यावरून हात फिरवत, उजवी बाजू, मागची, डावी. काका दारात उभे राहून एस.टी. स्टँडकडे बघत होते, जसं काही तिथे पहिल्यांदाच एस.टी. आली होती.

कोंडाजीकाका मागोमाग आले. मी काय लिहिते हे बघायला पुढे झाले आणि मागच्या चाकाशी आले.

"आई आई आई गं!"

तोच अंगठा. तोच दगड. ते पाय धरून रस्त्यावर बसले.

"काय लागलं कोंडाजीकाका?" मी विचारलं.

त्यांनी दगडाकडे बघितलं. दारात उभ्या रावजीकाकांकडे बघितलं. दात आवळले.

"कुठं काय," ते म्हणाले. "हितं दगड-बिगड काय नाय."

रावजीकाका हसू लागले, डोळे पुसावे लागेपर्यंत. मी मागच्या बाजूचा फोटो काढला. त्यात दगड स्पष्ट दिसतो, आणि गाडीला ओरखडा नाही.